घरबसले गुप्तहेर

दुसऱ्याच्या घरी चोरी झाली तर आपण हळहळतो, दुसऱ्याच्या घरी लग्न निघाले तर आपण चौकशी करतो. परंतु दुसऱ्याच्या घरात खून झाला म्हणजे मात्र हातातील सर्व कामे बाजूस सारून आपण थेट तपासास लागतो. ह्या तपासास ना सनद लागते, ना शिक्षण. सकाळचा चहा, एक बरीशी आरामखुर्ची आणि वर्तमानपत्रातील दीड रकाना, एवढ्या भांडवलावर आजवर जितके गुन्हे उलगडले गेले आहेत तितके जगातील सर्व पोलीसखात्यांच्या दप्तरांत मिळूनही सापडावयाचे नाहीत. आम्ही स्वतः ह्या पंथाचे जुने वारकरी आहोत. आमच्या आजोबांच्या पेटीत गो. ना. दातारांच्या कादंबऱ्यांशेजारी बाबूराव अर्नाळकरांची पिवळी पडलेली पुस्तके असत, आणि परीक्षा जवळ आली म्हणजे ती पेटी उघडण्याची आम्हांस विशेष इच्छा होत असे. पुढे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवू लागल्यावर शेरलॉक होम्सविषयी आम्ही ज्या उत्साहाने बोलतो, तो उत्साह काही विद्यापीठाने नेमून दिलेला नाही, हे आमचे विद्यार्थी जाणून आहेत. तेव्हा ह्या छंदास नावे ठेवावी हा आमचा हेतू नव्हे. परंतु ह्या घरबसल्या तपासाची एक खोड अलीकडे आम्हांस फार सलू लागली आहे, आणि तिच्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

ती आमच्या ध्यानी आली एका जहाजावरच्या खुनामुळे. २०१७ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील सिअ‍ॅटल बंदरातून अलास्काच्या सहलीस निघालेल्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर एका गृहस्थाने आपल्या पत्नीचा, त्यांच्या स्वतःच्या केबिनमध्ये, जीव घेतला. जहाज जूनो बंदरास लागले आणि एफ.बी.आय.चे अधिकारी वर चढले. त्या रात्री जहाजावर एक लुटुपुटीचा खून रचून तो कोणी केला हे पाहुण्यांनी ओळखावयाचे, अशा करमणुकीचा बेत होता, असेही त्या वेळच्या वृत्तांत आले होते. आता, खुनी कोण हा प्रश्न येथे नव्हताच. खोलीत गेलेल्या माणसांनी सर्व काही डोळ्यांनी पाहिले होते. अशा खुनात घरबसल्या गुप्तहेराची मोठीच पंचाईत होते. त्याला करावयास काम उरत नाही. मग तो 'कोणी केला' हे सोडून 'का केला' ह्याच्या मागे लागतो. तपासाच्या कागदांत एवढीच एक ओळ त्याच्या हाती लागली की, बायको आपणास हसत होती आणि हसावयाची थांबेना, असे त्या नवऱ्याने सांगितले.

एवढे पुरे झाले. ती कशाला हसली असेल? तिला हसण्याची सवयच असेल काय? चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा करणाऱ्या बायका असतात, तशांपैकी ती होती काय? बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. 'अर्थात खुनाचे समर्थन नाही' हे वाक्य प्रत्येकाने आरंभी म्हटले, आणि मग तपासाची सारी बत्ती त्या मेलेल्या बाईच्या तोंडावर धरली. पुढे २०२० साली त्या गृहस्थाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्या वेळच्या कागदांत निराळीच हकीकत होती. त्या संध्याकाळच्या त्याच्या वागण्यावरून दोघांत वाद झाला. तिने आपणास घटस्फोट हवा असे सांगितले आणि जूनोस उतरून निघून जा म्हणून बजावले. २०२१ साली त्यास ३० वर्षांची शिक्षा झाली. पण तोवर आमचे गुप्तहेर बंधू दुसऱ्या एखाद्या जहाजावर जाऊन पोहोचले होते, आणि मागे लोकांच्या आठवणीत राहिले ते तिचे हसणे.

जहाजावरचा खून घरबसल्या मंडळींस इतका का आवडतो, हे उघड आहे. सभोवार पाणी, आतबाहेर करण्यास वाट नाही, माणसांची यादी ठरलेली. रहस्यकथाकारास हवी असलेली बंद खोलीच ती, फक्त तरंगणारी. त्यातून हल्लीची सहलीची जहाजे म्हणजे तीन-चार हजार वस्तीची गावेच असतात. पण ह्या गावात फौजदारी कोणाची, हे जहाजावरील निशाणावर, बंदरावर आणि मेलेल्याच्या नागरिकत्वावर अवलंबून राहते. अमेरिकेने २०१० साली ह्या जहाजांसाठी एक कायदा केला. कठडे निदान ४२ इंच उंच असावेत, गंभीर गुन्ह्याची वर्दी एफ.बी.आय.ला ताबडतोब द्यावी, आणि प्रत्येक प्रवाशाच्या दारास बाहेर कोण उभे आहे हे पाहण्यासाठी एक बारीक भोक असावे, अशी कलमे त्यात आहेत. कायदा चांगला आहे; त्याविषयी आमची तक्रार नाही. मात्र ते भोक आतून बाहेर पाहण्याचे आहे. धोका बोळातून चालत येतो आणि दार ठोठावतो, असे गृहीत धरल्यावाचून असे भोक कोणी पाडणार नाही. त्या बाईच्या बाबतीत धोका दाराच्या अलीकडे उभा होता, आणि केबिन दोघांचीच होती.

तेव्हापासून आम्हांस एका जुन्या खुनाची पुनःपुन्हा आठवण होते. घर आणि जहाज ह्या दोहोंचाही त्याच्याशी संबंध आहे, आणि सबंध जगाने एकाच वेळी गुप्तहेर होण्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा. आम्ही डॉक्टर क्रिपेनविषयी बोलत आहोत.

हॉली हार्वे क्रिपेन हा मूळचा अमेरिकन, होमिओपॅथीचा पदवीधर, ठेंगणा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा आणि बोलण्यात अतिशय मऊ. लंडनच्या उत्तर भागात हिलड्रॉप क्रेसेंट ह्या रस्त्यावर ३९ क्रमांकाच्या घरात तो पत्नीसह राहत असे. १९१० च्या ३१ जानेवारीस त्यांच्याकडे एक जोडपे जेवावयास आले होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर ते परतले, आणि त्यानंतर यजमानीणबाई कोणाच्याही दृष्टीस पडल्या नाहीत. ती अमेरिकेस गेली, असे डॉक्टर प्रथम म्हणाला. पुढे, ती तेथेच वारली, असे म्हणाला. जुलैत पोलीस चौकशीस आले तेव्हा, ती दुसऱ्याचा हात धरून गेली आणि अब्रूसाठी आपण खोटे बोललो, अशी तिसरी हकीकत त्याने सांगितली. इन्स्पेक्टर ड्यू ह्यांस ती जवळजवळ पटलीही होती. परंतु दुसऱ्याच दिवशी डॉक्टर आपल्या कचेरीतील टंकलेखिकेसह नाहीसा झाला, आणि चार दिवसांनी कोळशाच्या तळघरातील विटांखाली मानवी शरीराचे अवशेष सापडले.

येथून पुढची कथा इतकी रंजक आहे की तिला रंजक म्हणताना थोडे लाजावे. २० जुलै रोजी अँटवर्पहून कॅनडास निघालेल्या 'माँट्रोझ' ह्या आगबोटीवर मिस्टर रॉबिन्सन आणि त्यांचे चिरंजीव असे दोन प्रवासी चढले. कप्तान केंडॉल ह्याने त्या दोघांस बोटीच्या कठड्याजवळ एकमेकांचा हात दाबताना पाहिले, आणि बापलेकांच्या प्रेमाची ही तऱ्हा त्यास चमत्कारिक वाटली. झाले! त्या क्षणी घरबसल्या गुप्तहेरांचा आद्यपुरुष जन्मास आला. फरक इतकाच की त्याचे घर समुद्रावर चालले होते. त्याने बोटीवरील इंग्रजी वर्तमानपत्रे गुपचूप गोळा केली. मुलाची विजार मागे उसवली असून टाचण्यांनी सावरली आहे, हे हेरले. थोरल्याच्या नाकावर चष्म्याचा वळ आहे हे पाहिले. त्यास मागून 'मिस्टर रॉबिन्सन' म्हणून हाक मारली, तर तो वळला नाही. हसविण्यासारख्या गोष्टी सांगून त्याचे दात खोटे आहेत की खरे, ह्याचीही खात्री करून घेतली. मग २२ जुलैस त्याने बिनतारी संदेश धाडला. इन्स्पेक्टर ड्यू 'लॉरेंटिक' ह्या वेगवान बोटीने २३ तारखेस लिव्हरपूलहून निघाले. पुढचा आठवडाभर लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंतची वर्तमानपत्रे दोन्ही बोटी कोठवर आल्या ह्याचे नकाशे छापीत होती. कोट्यवधी माणसे रोज सकाळी त्या दोघांकडे पाहत होती, आणि त्या दोघांस मात्र त्याची गंधवार्ता नव्हती. कप्तानाने मागाहून असे सांगितले की, डेकवर बसलेल्या रॉबिन्सनने एकदा बिनतारीच्या तारांकडे मान वर करून, काय अद्भुत शोध आहे हा, असे उद्गार काढले! ३१ जुलैस सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाशी फादर पॉइंट येथे ड्यू वाटाड्याच्या वेषात बोटीवर चढले आणि शिकार संपली. कप्तानास २५० पौंडांचे बक्षीस मिळाले. (चारच वर्षांनी, १९१४ साली, ह्याच कप्तानाच्या ताब्यातील 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' ही बोट ह्याच ठिकाणानजीक हजाराहून अधिक माणसांसह बुडाली, तो वाचला. ह्यावरून क्रिपेनच्या शापाची एक कथा निघाली आहे, ती आम्ही ज्यांची त्यांस परत करतो.)

हा सर्व वृत्तांत मागच्या दिवाळीत एका रात्री जेवणे झाल्यावर आम्ही घरी रंगवून सांगत होतो. आमचा पुतण्या रसायनशास्त्राचा पदवीधर; त्यास कप्तानाचे कौतुक नव्हते. "काका, तो निर्दोष होता," तो म्हणाला. त्याने सांगितले ते खरेच आहे. २००७ साली अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या डेव्हिड फोरन ह्या शास्त्रज्ञाने खटल्यातील एका जुन्या काचपट्टीवरील ऊतीचा डी.एन.ए. तपासला. मृत पत्नीच्या मातृवंशातील नातेवाइकांशी तो जुळला नाही, इतकेच नव्हे तर ती ऊती पुरुषाची असल्याचाही निष्कर्ष निघाला. शंभर वर्षे हाताळलेल्या काचपट्टीचा भरवसा काय, आणि त्या नातेवाइकांची वंशावळ तरी बिनचूक कशावरून, असे आक्षेप इतर जाणत्यांनी घेतले आहेत. आम्ही ते आक्षेप मांडले, पुतण्याने खोडले, आम्ही पुन्हा मांडले. आणि वाद असा ऐन रंगात आला असता सुपारी कातरीत बसलेल्या आमच्या कुटुंबाने विचारले,

"मग ती गेली कुठे?"

पुतण्या म्हणाला, "काकू, ते शोधून काढणं पोलिसांचं काम होतं."

"अरे, नवऱ्याला फासावर द्यायला निघालेत हे जगातल्या सगळ्या पेपरांत आलं म्हणतोस. ही कुठे जिवंत असती, तर एक पत्र टाकलं नसतं? बरं, नवऱ्यावर राग असेल, पण मैत्रिणींना?" आणि मग आमच्याकडे वळून, "अहो, तुमच्या त्या कप्तानाचं राहू द्या. ती घरात नाही, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, ते सांगा."

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक होते. पण ते सांगावे असे इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते. ज्या पुस्तकांतून आम्ही ही कथा वाचली, त्यांत ह्या भागास जेमतेम दोन-चार पाने मिळतात आणि मग लेखक घाईघाईने बोटीवर चढतो.

त्या बाईचे लक्ष ठेवणाऱ्या बायका होत्या म्युझिक हॉलमधल्या. गाणी, नकला, कसरती, जादूचे खेळ असा तो लंडनमधील स्वस्त करमणुकीचा धंदा. त्यात काम करणाऱ्या स्त्रियांची अडल्यानडल्यांस मदत करणारी एक मंडळी होती, म्युझिक हॉल लेडीज गिल्ड म्हणून, आणि आमची ही बाई तिची खजिनदार होती. रंगभूमीवर तिचे नाव बेल एल्मोर. नवऱ्याच्या घरी ती कोरा. आणि जन्मनाव कुनिगुंडे मॅकामोट्स्की, कारण ती न्यूयॉर्ककडच्या एका स्थलांतरित कुटुंबातील मुलगी. तिला संगीतिकेची मोठी गायिका व्हावयाचे होते, तितका गळा नव्हता. म्युझिक हॉलमध्येही तिचा फारसा जम बसला नाही. परंतु गिल्डच्या बायकांत ती रमली होती आणि त्यांना ती हवीहवीशी वाटे.

फेब्रुवारीच्या आरंभी गिल्डकडे तिच्या नावाने राजीनाम्याचे पत्र आले. नातेवाईक आजारी असल्याने अमेरिकेस तातडीने जात आहे, असा मजकूर. पण अक्षर तिचे नव्हते. ही पहिली गोष्ट त्यांनी मनात ठेवली. कपड्यांची एवढी हौस असलेली बाई फरचे कोट टाकून थंडीत समुद्रापार कशी गेली, ही दुसरी. २० फेब्रुवारीस नाचाच्या एका समारंभास डॉक्टर आपल्या टंकलेखिकेस घेऊन आला, आणि तिच्या छातीवर बेलचा ब्रोच होता. तो सर्वांनी ओळखला. मार्चमध्ये मृत्यूची तार आली. तेव्हा त्यांनी विचारले: कोठे वारली? कोणापाशी होती? फुले कोठे पाठवावी? डॉक्टर म्हणाला, दहन झाले, रक्षा येणार आहे. त्या म्हणाल्या, बरे. आणि त्यांनी अमेरिकेत पत्रे धाडली, कॅलिफोर्नियात चौकशी केली, तेथे गेलेल्या एका स्नेही जोडप्याकडून माग काढविला. कोठेच काही लागेना. अखेर जूनच्या शेवटास ते जोडपेच स्कॉटलंड यार्डात गेले, आणि मग कोठे इन्स्पेक्टरसाहेबांनी हिलड्रॉप क्रेसेंटचे दार ठोठावले.

पाच महिने ह्या बायका एकच प्रश्न विचारीत राहिल्या. त्यांच्यापाशी बिनतारी यंत्र नव्हते, बक्षिसाची आशा नव्हती, आणि डॉक्टर दिसावयास इतका सभ्य की त्याच्यावर संशय घेणाराच असभ्य ठरावा. कप्तान केंडॉलने पाहिले ते परक्याचे नाक आणि परक्याची विजार. ह्यांनी पाहिले ते आपल्या मैत्रिणीचे अक्षर, तिचे कोट आणि तिचा ब्रोच. तपासाच्या ह्या दोन जाती आहेत आणि आम्हांस आता त्या एका मोलाच्या वाटत नाहीत. कप्तानाची हुशारी कोणत्याही प्रवाशावर चालली असती. ती हुशारी असण्यास मेलेल्या बाईचे नावदेखील ठाऊक असण्याची गरज नव्हती. गिल्डच्या बायकांची हुशारी फक्त एका माणसापुरती होती.

खटला ऑक्टोबरात ओल्ड बेली येथे पाच दिवस चालला. जानेवारीत डॉक्टरने लंडनच्या एका औषधाच्या दुकानातून ५ ग्रेन हायोसीन विकत घेऊन विषाच्या वहीत स्वतः सही केली होती. अवशेषांबरोबर सापडलेला झोपण्याचा सदरा ज्या कापडाचा होता ते त्या दुकानाने १९०८ पूर्वी विकलेच नव्हते. म्हणजे हे प्रेत आपल्या आधीच्या भाडेकरूच्या काळचे असेल, हा बचाव टिकेना. आणि पोटावरील कातडीच्या एका तुकड्यावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे, असे डॉक्टर स्पिल्सबरींनी सांगितले. तिची तशी शस्त्रक्रिया झाली होती. ज्यूरीस २७ मिनिटे लागली. २३ नोव्हेंबर १९१० रोजी क्रिपेन फासावर गेला. त्याची सहप्रवासी निर्दोष सुटली होती. तिची पत्रे व छायाचित्र आपल्याबरोबर पुरावे, अशी त्याने इच्छा दर्शविली आणि ती पाळण्यात आली.

ह्या शेवटच्या गोष्टीवर जगाने जे अश्रू ढाळले, त्यांत ती बाई वाहून गेली. पुढील पन्नास वर्षांतील लिखाण पाहावे. डॉक्टर सौम्य, सोशिक, प्रेमळ. प्रेमासाठी त्याच्या हातून एकच काय ती गोष्ट घडली. आणि बायको? ती खर्चिक, ती भांडखोर, ती पिणारी, ती लठ्ठ, तिला गळा नव्हता. ऑर्वेलने १९४६ साली इंग्रजी खुनांच्या ऱ्हासावर जो मार्मिक निबंध लिहिला, त्यात क्रिपेन मानाच्या पंगतीस बसला आहे. १९६१ साली लंडनच्या रंगभूमीवर ह्या खुनावर गाण्याबजावण्याचे नाटक झाले, चित्रपटही निघाला. ह्या साऱ्यांस मुळात एकच कोडे सोडवावयाचे आहे: इतका गरीब माणूस असे कसे करील? आणि त्याचे उत्तर दर वेळी त्याच्यात न शोधता तिच्यात शोधलेले आहे. माणूस मऊ बोलतो, शेजाऱ्यास वाट देतो, चष्मा पुसून पुन्हा लावतो. अशाने बायकोस मारले तर बायकोतच काहीतरी असले पाहिजे. १९१० साली तिचा आवाज कारण झाला, २०१७ साली दुसरीचे हसणे.

वास्तविक क्रिपेनचा सौम्यपणा आम्हांस तितकासा गहन वाटत नाही. ३१ जानेवारीच्या रात्रीनंतर दोनच दिवसांनी त्याने तिचे दागिने गहाण टाकण्यास आरंभ केला आणि आठवडाभरात त्यांवर १९५ पौंड उचलले. कचेरीत जाण्याची वेळ त्याने चुकविली नाही. सौम्य माणूस सौम्यपणेच हे सर्व करू शकतो. त्यासाठी त्यास राक्षस व्हावे लागत नाही. आम्ही हे पुतण्यास म्हटले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "पण काका, काचपट्टीचं काय?" काचपट्टीचा निकाल आम्हांस लावता येत नाही. ती तिची नसेलही. परंतु तिच्या काकूने विचारलेला प्रश्न त्या काचपट्टीवर मावत नाही, हे त्यासही कळले असावे. कारण जाताना त्याने त्या बाईचे जन्मनाव पुन्हा एकदा विचारून घेतले, आणि ते आम्हांस धड उच्चारता येईना म्हणून कागदावर लिहून मागितले.

गिल्डच्या बायका खटल्याच्या निकालासाठी थांबल्या नव्हत्या. तळघरातील अवशेष तिचेच की आणखी कोणाचे, ह्यावर बॅरिस्टर मंडळी १८ ऑक्टोबरास बोलू लागावयाची होती. त्याच्या आठवडाभर आधीच, ११ तारखेस, त्यांनी लंडनच्या उत्तरेस फिंचलीच्या स्मशानभूमीत आपल्या खजिनदारणीस मूठमाती दिली.